शब्दांना मुक्त घर हवे

किरनापुर तहसिलीतून गोंदियाकडे जाताना बाघ नदीच्या पुलावर राज्य बदलते, बोली बदलत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि आमच्या मराठीचा राजाश्रय नदीपलीकडे गेला. शाळांसाठी, पाट्यांसाठी शासनदरबारी अर्ज करणे आम्हांस चुकत नाही. संगणकावरील मराठीसाठी मात्र कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही, याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

मुक्तस्रोत प्रणाली कोणालाही वापरता, तपासता, सुधारता व वाटता येते. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स ही तिची परिचित उदाहरणे. या दोहोंत शुद्धलेखन तपासणारे ‘हनस्पेल’ हे साधनही मुक्त आहे. त्याचा शब्दसंग्रह म्हणजे ओळीला एक शब्द अशी साधी मजकुराची फाइल. ज्या शब्दाची तेथे नोंद नाही, त्याखाली लाल रेघ उमटते. ‘बोडी’, ‘बांधी’, ‘पऱ्हे’ हे आमच्या धानशेतीचे शब्द कोणी नोंदवले, तरच यंत्र ते ओळखील.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे. नवा प्रकल्प आरंभण्यापूर्वी गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग या संकेतस्थळांवर ‘मराठी’, ‘देवनागरी’ हे शब्द रोमन लिपीत लिहून शोध घ्यावा. चालू कामात भर घालणे हे आणखी एक अर्धवट काम मांडण्याहून श्रेयस्कर. संग्रह युनिकोडमध्येच ठेवावा. पोवारीचे शब्द मराठीत मिसळू नयेत. त्या भाषेला ‘पीडब्ल्यूआर’ हा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेत आहे, तिचा मान तिला द्यावा. संग्रहासोबत परवाना स्पष्ट लिहावा. परवान्यावाचून ठेवलेले काम सर्वांना दिसते, परंतु ते पुढे नेण्याचा हक्क कोणास मिळत नाही.

आणि एकाच घरावर विसंबू नये. २००६ साली सुरू झालेले ‘गूगल कोड’ २०१६ च्या आरंभी बंद झाले; ज्यांनी आपले काम वेळीच अन्यत्र हलवले, त्यांचेच पुढे चालू राहिले. ‘गिट’ पद्धतीत संग्रहाच्या प्रत्येक पूर्ण प्रतीत त्याचा सारा इतिहास सामावतो. तेव्हा एक प्रत किरनापुरात असावी, एक गोंदियात. सीमेने आपली माणसे विभागली. शब्दसंग्रह तरी आपण दोन्ही तीरांवरून मिळून वाढवू.