‘वारं गेलं’ म्हणत तीन दिवस घालवू नका

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळते. आरशात पाहावे तर तोंड एका बाजूला ओढलेले आणि दुसऱ्या बाजूचा डोळा मिटत नाही. घरात लगेच निदान होते, ‘तोंडावरून वारं गेलं.’ मग गरम तेलाचे मालीश, शेक, कुणी सुचवलेला पाला आणि ‘आठवडाभर बघू’ हा सल्ला. यात सर्वांत जास्त नुकसान होते ते वाट पाहण्याने.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानाजवळच्या हाडातील अरुंद मार्गातून बाहेर येते. तिला सूज आली की ती त्या हाडात आवळली जाते आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्या नावावरून या आजाराला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. नागिणीच्या जातकुळीतील विषाणूंवर संशय आहे. एसटीच्या खिडकीतला वारा मात्र उगाच बदनाम झाला आहे.

पहिला प्रश्न असतो, हा मेंदूचा झटका तर नाही? कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळतात. त्यामुळे झटक्यात तोंड वाकडे झाले तरी बहुधा कपाळाला आठ्या पडतात. बेल्स पाल्सीत त्या बाजूची भुवईही उचलत नाही. पण ही खूण डॉक्टरांसाठी आहे, घरी निकाल लावण्यासाठी नव्हे. हातापायात अशक्तपणा, अडखळते बोलणे, तोल जाणे यांपैकी काहीही असेल तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

बेल्स पाल्सीतही घड्याळ चालूच असते, फक्त मुदत ७२ तासांची असते. स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर झालेल्या आणि २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्ण तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न घेतलेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. नऊ महिन्यांनंतर हेच आकडे ९४ आणि ८२ टक्के होते. गोळी स्वस्त आहे, पण मधुमेह्यांची साखर ती वाढवते. म्हणून ती औषध दुकानातून परस्पर आणू नये.

या आकड्यांतच घरगुती उपायांच्या कीर्तीचे गुपितही आहे. काहीही न करता बहुसंख्य रुग्ण बरे होतातच. श्रेय तेलाला मिळते. जे बरे होत नाहीत, त्यांचा चेहरा आयुष्यभर ओढलेला राहतो आणि त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. विजेच्या झटक्यांच्या उपचारांमागेही भक्कम पुरावा नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो डोळा. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडते, जखम होते आणि नजर जाऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर पडताना चष्मा, रात्री मलम आणि पापणी नीट मिटवून पट्टी एवढ्याने हे टळते. डोळा लाल झाला, दुखू लागला तर नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे.

वाकडे तोंड दर वेळी बेल्स पाल्सीच असते असेही नाही. कानात पुरळ आणि तीव्र वेदना, कानातून पू, हळूहळू वाढणारा अशक्तपणा किंवा त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कारण वेगळे असू शकते. बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोगाची शंका, आणि तो औषधांनी बरा होतो. तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल तर पुन्हा तपासणी हवीच.

हे सारे कळण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. आशा सेविका, औषध विक्रेते आणि गल्लीतले डॉक्टर यांनी ‘आजच दाखवा, डोळा झाका’ एवढे दोन निरोप दिले, तरी कित्येक चेहरे आणि डोळे वाचतील. वाऱ्याला दोष देण्यासाठी नंतर भरपूर वेळ आहे.