होजो घराण्यावरचा चुकीचा खटला

जपानच्या मध्ययुगाचा विषय निघाला की होजो घराण्याची ओळख एका वाक्यात उरकली जाते: गादी दुसऱ्याची, सत्ता यांची. मिनामोतो नो योरितोमोने कामाकुराला सामुराईंचे पहिले सरकार उभे केले. ११९९ मध्ये तो गेला. मग त्याच्या सासुरवाडीने त्याचा वंश बुडवला, शोगुनच्या गादीवर नावापुरती पोरे बसवली आणि १३३३ पर्यंत राज्य गिळले, अशी ही कथा आहे. एकोणिसाव्या शतकात राई सान्यो याच्या ‘निहोन गाइशी’ने ती जपानी वाचकांच्या मनात पक्की रुजवली. पुढे सम्राटनिष्ठेला राष्ट्रधर्माचे रूप आले तेव्हा चोरीच्या जोडीला राजद्रोहाचा आरोप आला, आणि होजो योशितोकी हे नाव द्रोह्यांच्या यादीत अग्रभागी जाऊन बसले.

हा खटलाच चुकीचा भरला आहे, असे माझे म्हणणे आहे. होजो निर्दोष होते म्हणून नव्हे. त्यांचा खरा गुन्हा वेगळा आहे आणि तो या आरोपाखाली झाकून गेला आहे. आणि त्यांनी उभे केलेले जे मोलाचे काम, तेही त्याच ढिगाऱ्याखाली गाडले गेले आहे.

आधी रक्ताचा हिशोब मांडू, कारण तो टाळून होजोंची बाजू घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. होजो हे इझू प्रांतातले मध्यम वकुबाचे घराणे. हद्दपार होऊन आलेल्या योरितोमोवर नजर ठेवण्याचे काम घराण्याचा प्रमुख तोकिमासा याच्याकडे होते आणि त्याचीच मुलगी मासाको योरितोमोची बायको झाली. योरितोमोच्या पश्चात १२०३ मध्ये तोकिमासाने योरितोमोचा मुलगा, दुसरा शोगुन योरीइए याचे सासरे हिकी योशिकाझू यांना घरी बोलावून मारले. योरीइएला पदच्युत करून शुझेन्जीला कोंडले आणि पुढच्या वर्षी तिथेच त्याचा खून झाला. १२०५ मध्ये हाताकेयामा शिगेतादासारखा नेक सरदार खोट्या आळापायी बळी गेला. १२१३ मध्ये वादा घराणे कापले गेले. यातले काहीही नाकारता येत नाही.

पण त्याच १२०५ सालात काय घडले तेही पाहा. तोकिमासा आणि त्याची धाकटी बायको माकी यांनी तिसरा शोगुन, योरीइएचा भाऊ सानेतोमो, याला हटवून आपल्या जावयाला गादीवर बसवण्याचा घाट घातला. तो उधळला कुणी? तोकिमासाच्याच पोटच्या मुलांनी, मासाको आणि योशितोकी यांनी. बापाला त्यांनी इझूला पाठवले आणि तो पुन्हा कामाकुराच्या राजकारणात आला नाही. निव्वळ घरभरणी करणारे घराणे आपल्या कर्त्या पुरुषाला असे घरी बसवत नाही.

सानेतोमोच्या खुनाचा संशयही योशितोकीवर घेतला जातो. १२१९ च्या आरंभी त्सुरुगाओका हाचिमानच्या देवळासमोर, बर्फ पडलेले असताना, योरीइएचा मुलगा कुग्यो याने काकाला ठार केले. योशितोकी आदल्या क्षणी आजारी पडून मिरवणुकीतून बाजूला झाला होता, एवढाच काय तो पुरावा. सानेतोमोला मूल नव्हते. म्हणून आदल्याच वर्षी मासाको स्वतः क्योटोला जाऊन एखादा राजपुत्र वारस म्हणून मिळावा याची बोलणी करून आली होती. खून होताच निवृत्त सम्राट गो-तोबाने राजपुत्र द्यायला नकार दिला. होजोंना मग फुजिवारा कुळातले जेमतेम दुसऱ्या वर्षात असलेले मूल आणून भागवावे लागले. या खुनाने होजोंचे काही साधले नाही, त्यांची जमवाजमव तेवढी मोडली.

आता मूळ प्रश्न. होजोंनी चोरले म्हणतात ते कुणाच्या मालकीचे होते? आरोप करणारे गृहीत धरतात की कामाकुराचे सरकार ही मिनामोतो घराण्याची इस्टेट होती. मला हे पटत नाही. ११८० मध्ये पूर्वेकडचे जे सरदार योरितोमोमागे उभे राहिले, ते त्याच्या वंशासाठी मरायला निघालेले नव्हते. त्यांना आपल्या जमिनीची शाश्वती हवी होती. क्योटोचा कुणी उमराव उद्या नाराज झाला तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन हातची जाईल, ही धास्ती त्यांना होती. योरितोमोने त्यांना ‘जितो’ म्हणून नेमले, म्हणजे त्या त्या महालाच्या वसुलीचा आणि बंदोबस्ताचा हक्क दिला, आणि गुन्हा केल्याशिवाय तो काढून घेतला जाणार नाही अशी हमी दिली. ही हमी म्हणजेच कामाकुराचे सरकार. ती पाळेल तो त्याचा खरा वारस.

योरीइएकडे जमिनीचा एक तंटा आला तेव्हा त्याने नकाशावर मधोमध शाईची रेघ ओढली आणि कुणाचा वाटा कमीजास्त होईल तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग, असे सांगून टाकले, अशी नोंद आहे. ती ‘आझुमा कागामी’त येते आणि हा ग्रंथ होजोंच्याच अमदानीत सिद्ध झाला, तेव्हा तिच्यात तिखटमीठ असणार हे मी धरून चालतो. तरीही मुद्दा राहतोच: ज्या सरदारांनी जमिनीसाठी जिवावर उदार होऊन बंड केले, त्यांना असा न्याय देणारा धनी नको होता.

राजद्रोहाचा आरोप १२२१ च्या जोक्यू युद्धावरून होतो. त्याची ठिणगी कुठे पडली? गो-तोबाने आपल्या मर्जीतल्या एका नर्तिकेच्या सेत्त्सू प्रांतातल्या महालांवरचे जितो हटवावेत असा हुकूम काढला. योशितोकीने नाही म्हटले, कारण त्या जितोंचा काही अपराध नव्हता. हा नकार मला सबंध जपानी मध्ययुगातल्या फार महत्त्वाच्या घटनांपैकी एक वाटतो. राजाच्या इच्छेपेक्षा दिलेली हमी मोठी, असे एका प्रांतिक सरदाराने ठरवले आणि त्यासाठी लढाई पत्करली.

गो-तोबाने योशितोकीला ठार करण्याचे फर्मान काढले. कामाकुरात सरदार जमले, आणि संन्यासिनी झालेल्या मासाकोने त्यांना योरितोमोच्या उपकारांची आठवण दिली. ज्यांना दरबाराकडे जायचे असेल त्यांनी आत्ताच सांगावे, असेही बजावले. आता वाट न पाहता थेट क्योटोवर चाल करा, असा आग्रह धरणाऱ्यांत ओए नो हिरोमोतो होता. हा मूळचा क्योटोच्या दरबारातला लेखनिक, तलवारबहाद्दर मुळीच नव्हे. योशितोकीचा मुलगा यासुतोकी अवघ्या अठरा स्वारांनिशी निघाला आणि वाटेत फौज जमत गेली. महिन्याभरात क्योटो पडले. गो-तोबाला ओकी बेटावर आणि त्याचा मुलगा जुन्तोकू याला सादो बेटावर धाडण्यात आले. सुमारे तीन हजार महाल जप्त झाले.

शिक्षा कठोर होती. पण जिंकणाऱ्यांनी सिंहासन मोडले नाही, आपल्यातल्या कुणाला त्यावर बसवले नाही, दरबाराचा कायदाही रद्द केला नाही. खुद्द सम्राटपक्षाचा कट्टर पाठीराखा किताबाताके चिकाफुसा याने, होजो बुडाल्यानंतर सहा वर्षांनी, सम्राटाच्याच हक्कांसाठी लिहिलेल्या ‘जिन्नो शोतोकी’त गो-तोबाच्या चढाईला दोष दिला आहे आणि यासुतोकीच्या कारभाराची वाखाणणी केली आहे. होजोंचे कौतुक होजोंच्याच बखरीतून आले आहे असे म्हणणाऱ्यांनी या साक्षीदाराचे काय ते सांगावे.

यासुतोकी १२२४ मध्ये शिक्केन, म्हणजे शोगुनचा मुखत्यार, झाला. त्याने पहिल्यांदा काय केले? हातात आलेली सत्ता वाटून टाकली. काका तोकिफुसाला सहीचा जोडीदार नेमले, म्हणजे हुकुमावर दोघांची सही लागणार. १२२५ मध्ये अकरा जणांचे निवाडा मंडळ बसवले. आणि १२३२ मध्ये ५१ कलमांची ‘गोसेइबाइ शिकिमोकू’ ही संहिता दिली. क्योटोत नेमणुकीवर असलेल्या धाकट्या भावाला, शिगेतोकीला, लिहिलेल्या पत्रात त्याने तिचा हेतू सांगितला आहे: चिनी विद्या न शिकलेल्या साध्या माणसालाही कळावे, आणि वादी-प्रतिवादी बलवान की दुबळे हे पाहून निकाल बदलू नये. संहितेबरोबर एक शपथपत्र आहे. त्यावर मंडळाचे अकरा सदस्य आणि दोघे मुखत्यार अशा तेरा जणांच्या सह्या आहेत. जवळचा-लांबचा पाहणार नाही, बड्यांना भिणार नाही, आणि निकाल चुकला तर तो सर्वांचा मिळून चुकला असे मानू, असे त्यांनी देवांना साक्षी ठेवून लिहून दिले.

कलमे वाचली की हे कागदी नव्हते हे कळते. वीस वर्षे प्रत्यक्ष वहिवाट असेल तर जुने दस्त दाखवून कुणाला उठवता येणार नाही. निपुत्रिक स्त्री दत्तक घेऊन त्याला आपली जमीन देऊ शकेल. सारा चुकता केलेल्या कुळाने गावात राहायचे की जायचे, ते त्याच्या मर्जीवर. त्याची बायकापोरे अडकवून ठेवायची नाहीत. तेराव्या शतकातले, तलवारीवर जगणाऱ्या लोकांचे हे कायदे आहेत. फिर्याद आणि कैफियत तीन फेऱ्यांपर्यंत लेखी चालायची, मग गरज पडल्यास समोरासमोर जबाब. १२४९ मध्ये पाचवा शिक्केन तोकियोरी याने कज्जे लवकर निघावेत म्हणून स्वतंत्र चौकशी मंडळेही नेमली.

या न्यायाची पत केवढी होती ते एका बाईच्या प्रवासावरून कळते. १२७९ मध्ये आबुत्सू ही क्योटोच्या एका मोठ्या कविघराण्यातली विधवा, वयाने उतरलेली, हारिमा प्रांतातल्या होसोकावा महालाच्या वादात सावत्र मुलाविरुद्ध दाद मागायला थेट कामाकुराला गेली. ‘इझायोई निक्की’ ही तिची प्रवासाची रोजनिशी. दरबारी संस्कारात वाढलेली स्त्री, ज्यांना दरबार अडाणी शिपाई समजत आला त्यांच्या दारात न्याय मागते, यापेक्षा मोठी पावती कोणती? निकाल तिच्या हयातीत लागला नाही, तिच्यानंतर अनेक वर्षांनी तो तिच्या मुलाच्या बाजूने लागला. दिरंगाई होती, हे खरेच. तरी दार उघडे होते.

सत्ता ‘उपभोगली’ असे म्हणणाऱ्यांसाठी केन्को भिक्षूने ‘त्सुरेझुरेगुसा’त नोंदलेली एक आठवण सांगतो. तोकियोरीने एका रात्री घराण्यातल्या नोबुतोकीला बोलावणे धाडले. त्याच्याजवळ धड पोशाख नव्हता म्हणून उशीर झाला, तर निरोप आला की रात्रीची वेळ आहे, कसाही ये. तो गेला तेव्हा तोकियोरी साकेचे भांडे आणि मातीचा पेला घेऊन बसला होता. एकट्याने प्यायला बरे वाटेना, म्हणाला. तोंडी लावायला काही नाही, नोकर झोपलेत, तूच बघ काही सापडते का. नोबुतोकीने दिवा घेऊन स्वयंपाकघर धुंडाळले. एका फळीवर लहानशा वाडग्यात तळाला थोडे मिसो होते. तोकियोरी म्हणाला, पुरे आहे. आणि दोघे आनंदाने प्यायले. देशातल्या सर्वांत सत्ताधीश माणसाचे हे घर.

पण याच तोकियोरीच्या काळात वाट फिरली, आणि इथे माझा होजोंवरचा आरोप सुरू होतो. १२४७ मध्ये मिउरा हे बरोबरीचे जुने घराणे लढाईत हरले आणि त्यांची सुमारे पाचशे माणसे योरितोमोची तसबीर असलेल्या देवालयात शिरून त्या तसबिरीसमोर मेली. त्यानंतर होजोंना बरोबरीने ‘नाही’ म्हणणारे कुणी उरले नाही. मंडळ नावाला राहिले. खरे निर्णय होजोंच्या थोरल्या पातीच्या प्रमुखाच्या घरी, आप्त आणि खासगी चाकर यांच्या बैठकीत होऊ लागले. मंगोल स्वाऱ्यांनी, १२७४ आणि १२८१ च्या, हे वळण पक्के केले. तेव्हाचा शिक्केन तोकिमुने याची हिंमत मी कमी लेखत नाही. हाकाता उपसागराच्या काठाने उभी केलेली दगडी भिंत हे कारभाराचे मोठे काम होते. पण बाहेरचा शत्रू परतवला की वाटायला जमीन मिळत नाही. ताकेझाकी सुएनागा हा हिगोचा गरीब सामुराई पहिल्या लढाईनंतर बक्षिशीसाठी कामाकुरापर्यंत पायपीट करून गेला, कामाकुरातला बडा सरदार आदाची यासुमोरी याने त्याचे ऐकून घेतले आणि त्याला जितोपद दिले. असे ऐकून घेणारा यासुमोरीच १२८५ मध्ये होजोंच्या खासगी कारभाऱ्याच्या, ताइरा नो योरित्सुनाच्या, हल्ल्यात मारला गेला.

पुढे देशातल्या प्रांतांपैकी जवळपास निम्म्यांचे लष्करी अधिकार एकट्या होजो कुळाकडे गेले. १२९७ चा कर्जमाफीचा हुकूम सरदारांच्या विकलेल्या जमिनी परत देणारा होता, पण त्यातच निकालावर फेरविचार मागण्याची वाट बंद करण्यात आली. यासुतोकीच्या घराण्याने हे करावे, याचे मला मनापासून दुःख होते.

थोरल्या पातीचा शेवटचा प्रमुख ताकातोकी कुत्र्यांच्या झुंजी आणि देंगाकूच्या नाचांत गुंगला म्हणून राज्य बुडाले, असे ‘ताइहेइकी’ ही युद्धकथा रंगवते. कुत्र्यांमुळे सरकारे पडत नाहीत. आपल्या जमिनीचा निकाल आता कुणी निःपक्षपातीपणे देणार नाही, असे सरदारांना वाटू लागले की पडतात. म्हणून १३३३ मध्ये आशिकागा ताकाउजी आणि नित्ता योशिसादा या सरदारांनी होजोंकडे पाठ फिरवताच बाकीचे झरझर त्यांच्यामागे गेले, आणि तोशोजी मंदिरात शेकडो होजोंनी आपला अंत केला.

होजोंना बुडवणाऱ्या त्याच ताकाउजीने तीन वर्षांनी, १३३६ मध्ये, आपल्या नव्या सरकारासाठी ‘केम्मू शिकिमोकू’ तयार करवली. कारभार कसा असावा हे सांगताना तिने अलीकडच्या काळातले आदर्श म्हणून दोन नावे दिली: योशितोकी आणि यासुतोकी. नवी दिवाणी संहिता त्याने केलीच नाही, ५१ कलमेच चालू ठेवली, आणि एदो काळातल्या गावच्या शाळांत मुले त्यांच्यावर अक्षर गिरवत होती.