उंदराची पाठ आणि अब्बांचा तळपाय

माझी भाची लातूरला एम.फार्म. करते. ईदला नांदेडला आली तेव्हा शीरखुर्म्याची वाटी हातात धरून तिने आपला प्रयोग सांगितला. चोवीस उंदीर. भूल देऊन पाठीवरचे केस काढायचे, कातडीचा गोल तुकडा कापायचा. मग काहींना काहीच नाही, काहींना नेहमीचं मलम, काहींना नुसतं हायड्रोजेल, काहींना औषध घातलेलं. दर काही दिवसांनी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कड रेखायची. शेवटी उंदीर मारून कातडी तपासायची. "मामू, त्या दिवशी मी जेवलेच नाही," ती म्हणाली.

आतल्या खोलीत अब्बा पाय उशीवर ठेवून पडले होते. जुनी शुगर, तळपायाला जखम, आणि तिच्यावर हेच जेल. त्यामुळे भाचीला नुसतं "बरोबर" किंवा "चूक" म्हणून मोकळं होणं मला जमलं नाही.

जखम उघडी ठेवा, वाळू द्या, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने धरते. पाणी धरून ठेवणारं जेल त्याच कामाचं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ते गॅमा किरणांनी बनवलं. किरणांनी जेलची जाळी जुळते आणि जंतूही मरतात. त्यातला मुख्य पदार्थ पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. अब्बांच्या पाकिटावरही हाच शब्द होता. तो वाचून त्यांनी पट्टी बाजूला सारली! हा प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ, दारू नव्हे, हे पटवण्यात माझी अख्खी दुपार गेली. मोहल्ल्यातला पुढचा प्रश्न डुकराचा. मी मौलवी नाही, पण डुकरावर तपासलेलं आणि डुकरापासून बनवलेलं यात फरक आहे. जेलमध्ये जिलेटिन किंवा कोलॅजन असेल तर ते कोणत्या प्राण्याचं, हे जरूर विचारावं.

माझी तक्रार वेगळीच आहे. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. जखम मुख्यतः आक्रसून बंद होते. माणसाची जखम आतून भरत येते आणि वर नवी कातडी सरकते. जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून उंदराचं आक्रसणं रोखता येतं, पण बधिर तळपायावर रोज पडणारा शरीराचा भार त्या पाठीवर कुठून आणणार? मग प्रत्येक प्रबंधाला नवे उंदीर कशासाठी? शक्य तिथे असे प्रयोग टाळा, असं 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाच सांगतो. 2023 मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांनीही प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींना जागा दिली. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो, म्हणूनही हे बोचतं.

लातूर जिल्ह्यातच, उदगीरला, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जुवाने खांदा सोललेला बैल, गाडीखाली आलेलं कुत्रं, यांना जखम करावी लागत नाही, ती झालेलीच असते. मालकाची संमती घेऊन तिथे जेल लावलं तर उपचारही होईल आणि तपासणीही. सुरक्षितता पाहण्यासाठी काही उंदीर तरीही लागतील, ते मला मान्य आहे. अब्बांच्या पायावर न तपासलेलं काही मी लावू देणार नाही.

भाची म्हणते, अशा जखमा एकसारख्या नसतात, तक्ता जुळत नाही, गाइड ऐकणार नाहीत. तिची अडचण खरी आहे. तरी दिवाळीच्या सुटीत तिला घेऊन मी उदगीरला जाऊन येणार आहे.