द्वारकेला खंबातचे लाकूड कशाला?

सांगलीतील एका व्याख्यानात पडद्यावर द्वारकेचे चित्र झळकले आणि त्याखाली आकडा आला : ९,५०० वर्षे. टाळ्यांचा कडकडाट झाला. साताऱ्याला परतताना तो आकडा मनातून जाईना, कारण तो द्वारकेचा नव्हेच!

तो खंबातच्या आखाताचा. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तेथील तळ खरवडून काढलेल्या वस्तूंत लाकडाचा एक तुकडा होता. २००२ च्या प्रारंभी त्याचे हे वय जाहीर झाले. ज्या आखातात भरती-ओहोटीचे प्रचंड प्रवाह गाळ कोठून कोठे नेतात, तेथे लाकडाचे वय ते नगराचे वय कसे? कृष्णेच्या पुरात वाहून आलेल्या ओंडक्यावरून आयर्विन पुलाचे वय कोणी काढेल काय?

द्वारकेची कथा निराळी आणि खरोखर अभिमानास्पद आहे. १९६३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मंदिरालगत उत्खनन केले. पुढे १९८० च्या दशकात, लोथल उजेडात आणणाऱ्या डॉ. एस. आर. राव यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे येथे सागरतळाचा शोध आरंभिला. दगडी बांधकामे, तीन छिद्रांचे दगडी नांगर, बेट द्वारकेत तीन शिरांच्या प्राण्याची मुद्रा असे बरेच काही हाती आले. रावांना त्यात महाभारतातील द्वारका दिसली. मात्र त्याच संस्थेतील नंतरच्या संशोधकांनी पाण्यातील बांधकामे बऱ्याच अलीकडच्या बंदराची असावीत, असे मत मांडले. आपल्या व्यासपीठांवरून हे सांगितले जात नाही. ही मंडळी कोणी हिंदुद्वेष्टी नव्हती. स्वतः समुद्रात उतरणारी होती.

पायाचे बोटही न भिजवता ‘सारे मिथक’ म्हणून मोकळे होणाऱ्या पुरोगामी पंडितांना हा अधिकार नाही. पण त्यांना आयते कोलीत देतो कोण?

आपल्या कोयनेचेच पाहा. शिवसागराचे पाणी ओसरले की बुडालेल्या गावांची जोती दिसतात. ती केव्हा बुडाली हे सांगायला माणसे हयात आहेत. द्वारकेच्या दगडाला असा साक्षीदार नाही. त्याचा काळ त्याच थरातील खापरांवरून आणि कोळशावरून ठरवावा लागतो, आणि ते काम चिकाटीचे आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पाणबुडे पुन्हा द्वारकेच्या समुद्रात उतरले, ते याचसाठी. ‘सिद्ध झाले’ हा शब्द त्यांच्याआधी आपण का उच्चारावा?

त्या वक्त्यांना मी हे सारे पत्राने कळविले आहे. त्यांचे पुढील व्याख्यान साताऱ्यात आहे. तो आकडा पडद्यावरून गेलेला दिसला, तर पहिली टाळी माझी असेल.