वस्ताद मोठा कोणता? पाटोदा, आष्टी आणि दोन काळांची तुलना (थ्रेड)

पाटोदा आणि आष्टी हे बीड जिल्ह्यातील दोन शेजारचे तालुके. बालाघाटच्या डोंगररांगांचा, बेभरवशाच्या पावसाचा आणि दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या टोळ्यांचा हा मुलूख. या दोन तालुक्यांनी एकविसाव्या शतकात देशाला दोन मोठे खेळाडू दिले: पाटोद्याचा कुस्तीगीर राहुल आवारे आणि आष्टी तालुक्यातील मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे. दोघांच्या पदकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांना घडवणाऱ्यांचा विषय निघाला की मात्र चर्चा एकाच प्रश्नावर येऊन अडते. यांतला मोठा गुरू कोण?

प्रश्न रास्त आहे. उत्तर काढण्याची रूढ रीत मात्र सदोष आहे. पदके मोजायची, ज्याची जास्त तो मोठा, असा हा हिशेब असतो.

या हिशेबाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल (चेंडू हातात धरून धावण्याचा त्यांचा खेळ, आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे) लाखो प्रेक्षक पाहतात आणि त्यातील प्रशिक्षकांची कीर्ती खेळाडूंहून अधिक टिकते. अलाबामा विद्यापीठाचे पॉल ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ या काळात सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्याच विद्यापीठाचे निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर सात होती, त्यांतील एक लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून. सहापेक्षा सात मोठे, एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटत नाही, आणि त्याची कारणे इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारी आहेत.

ब्रायंट यांच्या पूर्वार्धात एका संघाने किती खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यावी यावर देशव्यापी मर्यादा नव्हती. ती १९७३ मध्ये आली आणि पुढे ८५ पर्यंत खाली उतरली. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये म्हणून एखादा गुणी मुलगा नुसता राखीव बाकावर बसवून ठेवणे ब्रायंट यांना परवडत होते, सेबन यांना नाही. उलट बाजूही तितकीच खरी. १९७१ पूर्वी अलाबामाकडून एकही कृष्णवर्णीय खेळाडू सामन्यात उतरला नव्हता. आपल्याच राज्यातील गुणवत्तेचा मोठा भाग वर्णभेदामुळे ब्रायंट यांच्या संघाबाहेर राहिला, तर सेबन यांना साऱ्या देशातून निवड करता आली. सहा आणि सात हे आकडे एकाच तराजूत टाकले जातात, पण मधल्या काळात तराजूच बदललेला असतो.

बीडच्या उदाहरणाचे मोल येथे कळते. ब्रायंट यांचा खेळाडू सेबन यांच्या हाताखाली कधी खेळला नाही, खेळू शकत नव्हता. राहुल आणि अविनाश हे दोघे मात्र एकाहून अधिक गुरूंच्या हातून गेले. खेळाडू तोच, गुरू वेगळे. तुलनेला इतकी चांगली सोय क्वचितच मिळते.

आधी मांडव्याकडे. शाळेसाठी रोज सुमारे सहा किलोमीटरची वाट तुडवणारा अविनाश बारावीनंतर सैन्यात भरती झाला. महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमधून त्याने सियाचीन, राजस्थान, सिक्कीम येथे नोकरी केली. धावण्याची स्पर्धा त्याच्या आयुष्यात आली ती सैन्यात गेल्यावर. सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवले. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत साडेसात फेऱ्या मारण्याची ही शर्यत.

या शर्यतीचा राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर १९८१ पासून होता: ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने तो ८:२९.८० असा मोडला. फरक १.०८ सेकंदाचा. तेवढ्यासाठी देशाने ३७ वर्षे वाट पाहिली होती.

त्याच वर्षी अविनाश काही काळ निकोलाय स्नेसारेव यांच्याकडे होता. बेलारूसच्या या प्रशिक्षकाची कामगिरी अमरीश कुमारांपेक्षा कागदावर कितीतरी भारी. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये प्रीजा श्रीधरनला सुवर्ण आणि नाशिकच्या कविता राऊतला रौप्य मिळाले, स्टीपलचेसमध्ये सुधा सिंगने सुवर्ण जिंकले. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून दहावी आली. या चौघी स्नेसारेव यांच्या विद्यार्थिनी. त्यांची सरावपद्धत कठोर होती. अविनाशला ती मानवली नाही. दुखापत झाली, आशियाई स्पर्धेची संधी हुकली आणि तो अमरीश कुमारांकडे परतला. भुवनेश्वरचा विक्रम त्यानंतरचा.

यावरून स्नेसारेव लहान ठरतात काय? मुळीच नाही. माणच्या दुष्काळी भागातील मुलीला जी पद्धत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत घेऊन गेली, तीच आष्टीच्या दुष्काळी भागातील मुलाला मोडू पाहत होती, एवढेच सिद्ध होते. प्रशिक्षकांच्या तुलनेत ही गोष्ट सहसा धरलीच जात नाही.

पुढचा आकडा अधिक बोलका आहे. मार्च २०२२ पर्यंत अविनाशची वेळ ८:१६.२१ वर आली होती. त्यानंतर अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे, सुमारे १८०० मीटर उंचीवर, स्कॉट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा सराव सुरू झाला. त्याच वर्षी बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८:११.२० अशी वेळ देऊन रौप्य जिंकले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाबाहेर गेली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रौप्याचे वजन कळते. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण आले आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

अमरीश कुमारांच्या काळात जुन्या राष्ट्रीय विक्रमाच्या खाली १४.६७ सेकंद, सिमन्स यांच्या काळात आणखी ६.३०. वरच्या पातळीवरचा प्रत्येक सेकंद महाग असतो, म्हणून सिमन्स यांचे सहा सेकंद अधिक मोलाचे, असा युक्तिवाद होतो. त्यात तथ्य आहे. पण उंचावरील सरावकेंद्र, जागतिक दर्जाचे सोबती आणि परदेश दौऱ्यांचा खर्च हे सारे ज्या धावपटूच्या वाट्याला आले, तो तोवर ऑलिंपिकपटू झालेला होता. अमरीश कुमारांच्या हाती आला तो एक जवान. या दोन आरंभबिंदूंमधील अंतर पदकांच्या तक्त्यात कोठेही नोंदले जात नाही, आणि नेमके तेच अंतर गुरूच्या कामाचा मोठा हिस्सा असते. म्हणून मांडव्याच्या हिशेबात पहिला मान अमरीश कुमारांचा.

पाटोद्याचा हिशेब याहून अवघड आहे, कारण तेथे गुरूंच्या मध्ये खेळच बदलला.

राहुलच्या अंगाला पहिली माती लागली ती वडील बाळासाहेब आवारे यांच्यामुळे. ते स्वतः कुस्तीगीर. पुढे राहुल पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांकडे आला. बिराजदार लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्याच्या रामलिंग मुदगडचे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी. दिल्लीच्या सतपाल यांच्याविरुद्धचा त्यांचा विजय जुन्या कुस्तीशौकिनांना आजही तोंडपाठ आहे. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

बिराजदारांची जडणघडण मातीतली. लाल मातीत तेल, ताक, हळद मुरवलेली; पहाटेच्या जोर-बैठका; दूध, तूप, थंडाईचा खुराक. आणि निकाल एकच: पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपली. घड्याळाचे राज्य त्या कुस्तीवर फारसे नव्हते. दम टिकवून प्रतिस्पर्ध्याला थकवणे हाही एक डावच होता. मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीची गोष्ट निराळी. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला सहावे आले तेव्हापासून मराठी मल्ल या दोन जगांमधली दरी अनुभवत आले आहेत. मातीतल्या बिराजदारांनी मॅटवरचा मल्ल घडवायला घेतला, हे त्यांच्या वस्तादकीचे पहिले मोठेपण. २००८ मध्ये पुण्यात झालेल्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने सुवर्ण जिंकले. मे २०११ मध्ये ताश्कंदला वरिष्ठ आशियाई स्पर्धेत कांस्य. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बिराजदार गेले.

ऐन भरात आलेल्या मल्लाचा वस्ताद जाणे म्हणजे काय, हे तालमीत राहिलेल्यालाच कळावे. खुराक, झोप, वजन, कोणती कुस्ती धरायची, कोणती सोडायची, सारे एका माणसाच्या शब्दावर चाललेले असते.

राहुल पुढे काका पवारांकडे गेला. काका पवारही लातूर जिल्ह्याचेच. १९९८ चे अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल आणि पुण्यात कात्रजच्या आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुलाचे प्रमुख. त्यांची स्वतःची कुस्ती ग्रीको-रोमन, म्हणजे कंबरेखाली हात न लावण्याची. राहुलची फ्रीस्टाइल, जिच्यात पायाची पकड हेच मुख्य हत्यार. गुरूने शिष्याला आपला खेळ द्यायचा ही जुनी रीत येथे लागूच नव्हती.

आणि मग २०१३ मध्ये नियम बदलले. २००५ पासून मॅटवरची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांची होती. प्रत्येक फेरी स्वतंत्र, तिघांपैकी दोन जिंकायच्या. फेरी ०-० अशी संपली तर चेंडू काढून पकडीची पहिली संधी कोणाला हे ठरे. (ऑलिंपिकमधील निकाल अशा सोडतीवर फिरू शकत होता, हे आज खरे वाटत नाही.) २०१३ नंतर तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आले आणि सर्व गुणांची बेरीज धरली जाऊ लागली. एका गुणावर फेरी राखणारा सावध मल्ल मागे पडला, सतत चढाई करणारा पुढे आला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत राहुलने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवले. असा गुणफलक नव्या नियमांचेच अपत्य आहे. २०१९ मध्ये नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य आले, तेही ११-४ अशा फरकाने.

तक्ता मांडला तर काका पवारांचे पारडे जड: राष्ट्रकुल सुवर्ण, जागतिक कांस्य, शिवाय आशियाई पदके. बिराजदारांच्या बाजूला युवा स्पर्धेचे सुवर्ण आणि एक आशियाई कांस्य. पण हा तक्ता मांडणाऱ्याने दोन गोष्टींचे उत्तर द्यावे. बिराजदारांना राहुल मिळाला तो पोरगेल्या वयात, आणि काळाने त्यांना त्याची उमेदीची वर्षे पाहू दिली नाहीत. शिवाय काका पवारांनी ज्या पायावर इमारत चढवली तो पाया दुसऱ्या तालमीचा होता. काका पवारांचे श्रेष्ठत्व पदकांत शोधण्यापेक्षा येथे शोधावे: दुसऱ्याने घडवलेला मल्ल, वेगळी शैली, मध्येच फिरलेले नियम आणि २०१२, २०१६ अशा दोन ऑलिंपिकच्या हुकलेल्या संधी. राहुल ऑलिंपिकला कधीच गेला नाही. जागतिक पदक आले तेही ऑलिंपिकमध्ये नसलेल्या वजनगटात. एवढे होऊनही हा मल्ल आखाड्याबाहेर गेला नाही, हे वस्तादाचे काम आहे आणि ते मोजायला कोणतेही एकक नाही.

तरीही निवड करायचीच तर ती बिराजदारांची करावी लागते. काका पवार ज्या जगात मल्ल घडवत होते, त्या जगात ते स्वतः खेळलेले होते. बिराजदार ज्या जगासाठी राहुलला तयार करत होते, ते त्यांच्या तारुण्यातील आखाड्याचे जग नव्हते. आपल्याला ज्या खेळाने मोठे केले तो बाजूला ठेवून पोराला पुढच्या खेळाचे दार उघडून देणे, हे अलाबामाच्या दोघांपैकी कोणालाही करावे लागले नाही. या निवडीवर मतभेद होतील, आणि काका पवारांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही सबळ मुद्दे आहेत.

राहुलने स्वतः मात्र या वादात निवड केली नाही. गोल्ड कोस्टचे सुवर्ण त्याने सात वर्षांपूर्वी गेलेल्या बिराजदारांना अर्पण केले, आणि त्यानंतरही सराव काका पवारांकडेच चालू ठेवला.

७ जानेवारी २०२० रोजी पुण्याजवळ बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असे हरवले. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच संकुलातले. त्या रात्री वस्तादाच्या खात्यावर एक विजय आणि एक पराभव एकाच वेळी जमा झाला. निकाल लागताच हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले.