‘३१५’ दुबळी नव्हे



रानडुकरापुढे ३१५ बोअरची गोळी दुबळी आणि ३०-०६ रायफल हाच त्यावर उपाय, हे आपल्या अंकातील लेखाचे मत आकड्यांवर टिकत नाही. ३१५चे काडतूस ऑस्ट्रियन ८ मिमी मॅनलिकरच्या घराण्यातले; गोळी २४४ ग्रेनची, वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. ३०-०६ची १८० ग्रेनची गोळी ८०० मीटरच्या पुढे जाते, हे खरे. पण तो फरक दोन-तीनशे मीटरवर कामाचा. मुरुडच्या पोफळीच्या वाडीत डुक्कर दिसते ते बॅटरीच्या उजेडात, गडग्यालगत, तीस-चाळीस पावलांवर. तिथे जड, संथ गोळी पुरून उरते. नेम चुकला तर माडांपलीकडे घरे आहेत, हे दोन्ही रायफलींना लागू. म्हणून खरे तर रायफलीच्या गोळीइतके लांब न जाणारे बारा बोअरचे एलजी छर्रेच बरे.

३०३ रायफल कमजोर म्हणून मागे पडली, हे लेखातले म्हणणे तर उलटेच. लष्करी दारूगोळा नागरिकांच्या हाती जाऊ नये म्हणून ती निषिद्ध ठरली आणि त्या जागी ३१५ आली.

राहिला परवाना. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११प्रमाणे पिकात घुसणारे डुक्कर मारायलाही अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

— एक वाचक, मुरुड (ता. दापोली, जि. रत्नागिरी)