गोचीड भिंतीत राहते

'नॅचरल' हा शब्द बाटलीवर दिसला की मी आधी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतो. पुण्यात पाळीव प्राण्यांच्या कुठल्याही दुकानात जा, एक अख्खी फळी भरलेली असते: कडुनिंबाचा शांपू, करंजाचं तेल, गवती चहाचा स्प्रे, आणि प्रत्येकावर हिरव्या पानाचं चित्र. हापिसात कुत्रेवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर विचारूच नका. जेवणात रोज लसणाची पाकळी घाला, मानेवर टी ट्री तेलाचे चार थेंब टाका. हेतू सगळ्यांचा चांगला असतो हो. पण माझं मत असं की आपण गावाकडून औषध तेवढं उचलून आणलं आणि पद्धत तिथंच ठेवली.

गाव म्हणजे माझ्यापुरतं तुळजापूर तालुका, जिल्हा धाराशिव (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद). दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, पुढं गोठा, दोन उस्मानाबादी शेळ्या आणि दारात एक कुत्रा. गोचिडीला याहून सुखाची वसाहत बांधून देता येणार नाही. कारण कुत्र्याची तपकिरी गोचीड कुत्र्यावर 'राहते' हा आपला समज. ती कुत्र्यावर फक्त जेवायला येते. अंड्यातून निघालेलं पिल्लू एकदा, मधल्या अवस्थेत एकदा आणि मोठी झाल्यावर एकदा असं तीनदा ती रक्त पिते, आणि तिन्ही वेळा खाली उतरून फटीत शिरते. शेवटच्या जेवणानंतर मादी भिंतीच्या सांध्यात हजारांनी अंडी घालते आणि मरते. म्हणजे आयुष्याचा बहुतेक काळ ती भिंतीत, आणि आपण तेल चोळतोय कुत्र्याला! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर रोज डेटाबेसमधली चुकीची नोंद हाताने दुरुस्त करायची आणि ती चूक करणाऱ्या कोडला हातच लावायचा नाही. पिसवांचंही तेच. अंडी अंथरुणात नाहीतर जमिनीवर पडतात आणि कोषातली पिसू फवारणीला दाद देत नाही.

आमच्या चुलत्यांना हे कुणी शिकवलेलं नाही. मी एकदा पुण्याहून स्प्रे नेला तर म्हणाले, "आरं, कुत्र्याला काय मारतूस, भिंतीला मार."

नवरात्राआधी मराठवाड्यात 'दसरा काढतात'. घरातली झाडून सगळी वाकळ, घोंगडी, सतरंजी नदीवर किंवा विहिरीवर जाते, उन्हात वाळते. भांडी घासली जातात, जाळ्याजळमटं निघतात, भिंती लिंपून पांढऱ्या मातीने पोतारल्या जातात. श्रद्धा देवीची, पण वेळ बघा: पावसाळा संपता संपता, दमट हवेत हे किडे माजलेले असतात तेव्हा. फटी बुजतात, अंथरुणातली अंडी धुऊन जातात. वर्षातून एकदा पुरत नाही हे खरं (उबदार हवेत गोचिडीची पिढी दोन-तीन महिन्यांत उभी राहते), पण दिशा बरोबर आहे. शिवाय अंगणात कोंबड्या असतात, त्या खाली पडलेल्या गोचिडी वेचून खातात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंबड्या ठेवायला सोसायटी परवानगी देईलसं वाटत नाही.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जनावरांच्या गोचिडीसाठी एक घरगुती नुस्खा सुचवतं: कडुनिंबाचा पाला, निंबोळ्या, लसूण, वेखंड, हळद, तुळस, घाणेरीची पानं. वाटून, पाण्यात मिसळून, गाळून अंगाला लावायचं, आठवड्याला एकदा. आणि त्यातच सांगितलंय की गोठ्याच्या फटींमध्येही मारा. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकं हेच वाक्य गळतं. गाईच्या कातडीसाठीचा नुस्खा मांजरासाठी नाही, हेही गळतं. आणि अंगाला लावायचा लसूण पोटात जातो! लसूण-कांद्याने कुत्र्यामांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कडुनिंबाला मी नावं ठेवत नाहीये. हरभऱ्यावर पाच टक्के निंबोळी अर्क (शंभर लिटरला पाच किलो निंबोळी) फवारणारा शेतकरी संध्याकाळी फवारतो, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो, आणि काही दिवसांनी परत फवारतो. त्याला ठाऊक असतं की हे कीड तिथल्या तिथं मारत नाही, तिचं खाणं आणि वाढ रोखतं. आपण मात्र एकदा शांपू लावून महिनाभर निश्चिंत.

मांजराचं तर वेगळंच प्रकरण. शेवंतीच्या जातीतल्या एका फुलापासून पायरेथ्रम मिळतं, अगदी नैसर्गिक. त्याच्या नमुन्यावर बनवलेलं परमेथ्रिन कुत्र्याला सहसा चालतं आणि मांजराचा जीव घेतं, कारण ते निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार कमजोर असते. टी ट्री तेल 'शुद्ध वनस्पतिजन्य', तेही तसंच घातक. त्यात मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे वर लावलेलं सगळं पोटात. (अवांतर: फिनाईलने फरशी पुसून त्यावर मांजर सोडणारे माझ्या ओळखीत तीन जण आहेत. नका करू.)

आता जे खरं बोलायचंय ते. गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवर दोन कुत्र्यांना गोचीडताप झाला. शेजारच्यांच्या कुत्र्याला आठ दिवस करंजाचं तेल चोळलं, तो गेला. त्यांना दोष देववत नाही. शेळीला ताप आला तर माणूस कर्ज काढून डॉक्टर आणतो, कुत्र्यासाठी गाडीभाडं कोण काढणार? आमच्या वाघ्याने खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तेव्हा चुलते त्याला मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन तालुक्याला गेले. रक्त तपासलं, प्लेटलेट फार उतरलेल्या होत्या, डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. महिनाभर गोळ्या गुळात घालून दिल्या. ताप रक्तात शिरल्यावर पाल्याचा उपयोग नाही. आणि 'केमिकल नको' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की या औषधाचं कूळ मातीतल्या जिवाणूंपर्यंत जातं.

गोचिडीसाठी महिन्या-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात, त्या मी वाईट म्हणत नाही. क्वचित एखाद्या कुत्र्याला त्यांनी झटके येतात, म्हणून डॉक्टरला विचारूनच द्याव्यात. पण ज्याला नैसर्गिकच हवं त्याने बाटलीच्या आधी आजीची उवांची फणी शोधावी. मांजराला रोज ती फिरवायची, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. कुत्र्याचे कान, बोटांमधल्या बेचक्या आणि पट्ट्याखालची मान रोज चाचपायची. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, उदबत्तीने चटका द्यायचा नाही. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात. बाल्कनीच्या फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरायला एक रविवार लागतो. गावी वाघ्या बसतो तिथली भिंत चुलत्यांनी औंदा दोनदा लिंपली, आणि मला वर फोन करून विचारलं, "तुझ्या फ्लॅटातल्या फटी बुजवल्यास का?"